मॉलींची खानेसुमारी

आमच्या नगरात 'टँक' हा शब्द जपून वापरावा लागतो. ज्या शहरात चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र आहे, जेथे 1994 साली खास रणगाड्यांचे म्हणून एक संग्रहालय उघडले गेले, आणि मे महिन्यात आलेल्या पाहुण्यांच्या मुलांना दाखवण्याजोगे दुसरे काही न सुचल्यास त्यांना तोफेच्या नळीखाली उभे करून छायाचित्र काढण्याचा जेथे प्रघात आहे, त्या शहरातील सेवानिवृत्त इसमाने पाथर्डीच्या मेहुण्यांना 'कालच घरात टँक आणला' एवढेच फोनवर सांगून बाकीचा मजकूर पुढच्या वाक्यासाठी राखून ठेवणे हे शहाणपणाचे नव्हते. सुदैवाने मेहुण्यांच्या तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्याची वहिवाट असल्याने त्यांच्या डोळ्यांसमोर रणगाडा न येता पाण्याची टाकी आली.

"किती हजार लिटरची, दाजी?" त्यांनी आनंदाने विचारले.

"छप्पन्न लिटरची."

पलीकडे काही काळ शांतता पसरली. "छप्पन्न लिटर म्हणजे चार बादल्या झाल्या. चार बादल्यांना टाकी कशाला?"

"त्यात मासे आहेत."

"किती किलो?"

मासे पाळणे हा वस्तुतः माझा पिंड नव्हे. महसुलाच्या एका कचेरीत 34 वर्षे दप्तर सांभाळून अव्वल कारकून या हुद्द्यावरून मी निवृत्त झालो, आणि सातबाराच्या एकाच उताऱ्यावर अकरा भावंडे, तीन विधवा चुलत्या व एक बेपत्ता मामा यांची नावे पाहूनही ज्याचा रक्तदाब कधी तसूभर हलला नव्हता, त्या माझाच रक्तदाब, समोर अर्जदार येईनासे होताच, सहा महिन्यांच्या आत जिना चढावा तसा चढू लागला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर सांगितले, "घरात मासे ठेवा. सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटे त्यांच्याकडे नुसते बघत बसायचे. दुसरे काहीही करायचे नाही." समोरच्या जिवाकडे काहीही न करता नुसते बघत बसण्याचा माझा 34 वर्षांचा अनुभव ध्यानी घेता हा उपचार मला मानवेल याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

दुकानदार मोठा मधुरभाषी होता. "नवख्या माणसानं मॉलीच घ्यावी, साहेब. मूळची मेक्सिकोकडची, नदीतही राहते, खाडीच्या मचूळ पाण्यातही राहते. मरायचं नावच घेत नाही." ही शेवटची शिफारस त्याने ज्या स्वरात केली त्यात एक सूचक धोका दडलेला होता, तो मला फार उशिरा उमगला. त्याने दोन काळ्या व एक सोनेरी अशा तीन मॉली एका पिशवीत भरून, पिशवीला रबर लावता लावता, "दोन नर, एक मादी, भांडण नाही, पसारा नाही," असा निर्वाळा दिला. वास्तविक नराच्या पोटाखालचा मागचा पर काडीसारखा निमुळता असतो आणि मादीचा पंख्यासारखा पसरट, एवढी उघड खूण आहे. पण अर्जावरच्या सह्या पारखण्यात ज्याची हयात गेली त्याने ती खूण पिशवी उजेडात धरून पाहिली नाही. दोन माद्या आणि एक नर घेऊन मी घरी आलो.

पेटी कोठे ठेवावी याविषयी घरात व शेजारी मिळून सात मते पडली. वास्तुशास्त्राप्रमाणे ती ईशान्येस हवी होती. आमच्या घरात ईशान्येस न्हाणीघर आहे. अखेर ती दिवाणखान्यातील शोकेसवर स्थापन झाली आणि छप्पन्न लिटर पाण्याच्या, म्हणजे तितक्याच किलोंच्या, भाराने शोकेसची फळी जी वाकली ती आजतागायत वाकलेलीच आहे.

खरा प्रश्न अन्नाचा निघाला. माशाला दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच दाणे घालावेत असा नियम. परंतु मासा श्वासासाठीही तोंडाची उघडझाप करतो हे शास्त्रीय सत्य आमच्या कुटुंबाला मान्य नव्हते. "बिचारी केव्हाची आ वासून बसलीय," असे म्हणून ती सकाळी एक चिमूट टाकी. तिने टाकले हे ठाऊक नसल्याने मी टाकीत असे. शाळेतून आल्यावर नातू टाकी, आणि दुपारी धुणेभांडी करणाऱ्या मावशी जाता जाता पोळीचा कुस्करा घालून पुण्य पदरी पाडून घेत. पाचव्या दिवशी पाण्याला अशी कळा आली की मासे आत आहेत हे केवळ विश्वासाने मानावे लागले. उरलेले अन्न कुजते, त्यातून अमोनिया होतो, आणि तो पचवणारे सूक्ष्म जंतू गाळणीत नांदू लागायला महिना-सव्वा महिना लागतो, हे मी पुस्तकात वाचून काढले व एक लेखी हुकूम पेटीवर डकवला: 'यापुढे आहार देण्याचा अधिकार फक्त खाली सही करणारास राहील.' कुटुंबाने तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, "दारात आलेल्याला उपाशी ठेवायची आमच्या माहेरी रीत नाही." हुकूम दुसऱ्या दिवशी वाफेने गळून पाण्यात पडला, मॉलींनी त्याचीही चव पाहिली.

डिसेंबर उजाडला. नगरची थंडी पारा दहा-बारा अंशांवर आणून ठेवते, आणि मॉलीला तर चोवीस ते अठ्ठावीस अंशांचे पाणी लागते. परंतु तोवर मी पुस्तकातल्या त्या प्रकरणापर्यंत पोचलो नव्हतो. एका सकाळी सोनेरी मॉली एकाच जागी उभी राहून, पुढेही न जाता व मागेही न येता, सर्वांग लयीत हलवू लागलेली दिसली. शाहीर अनंत फंदींचे संगमनेर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यातील मासळीने लावणीचा ठेका धरावा यात मला तरी काही अस्वाभाविक वाटले नाही. मी शेजाऱ्यांना बोलावले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदार आले, गल्लीतली पोरे जमली, कोणी चित्रफीत घेतली, सुभेदारांनी तर खिशातून दहाची नोट काढून काचेवर धरली. एवढ्यात प्राणिशास्त्र शिकणारी माझी भाची आली आणि गर्दीतून वाट काढीत म्हणाली, "मामा, नाचत नाहीये ती. कुडकुडतेय."

त्या रात्री पेटीभोवती सोलापुरी चादर गुंडाळली, आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या नळीतला एक हीटर आणला. त्यावरून घरात जे वातावरण तापले त्याचे वर्णन येथे अप्रस्तुत आहे. "मला गुडघ्याला शेकायला गरम पाण्याची पिशवी मागून तीन वर्षं झाली," एवढेच वाक्य नमुन्यादाखल पुरे.

पुढे भारनियमनाने आपला पाठ सुरू केला. वीज गेली की हवेचा पंप बंद, पंप बंद की पाण्यातील प्राणवायू कमी, आणि तो कमी झाला की मॉली पृष्ठभागाशी येऊन, तहसिलीच्या खिडकीशी दाखल्यासाठी उभ्या असलेल्या माणसांसारख्या, वर तोंड करून तिष्ठत राहत. यावर उपाय एकच: तांब्याने पेटीतलेच पाणी काढून उंचावरून पुन्हा पेटीत सोडावे, म्हणजे पडता पडता त्यात हवा मिसळते. रात्री दोन वाजता, अंधारात, मेणबत्तीच्या उजेडात, उघड्या अंगावर शाल घेऊन मी तांब्यामागून तांब्या ओतीत होतो, आणि त्या एकसंध धारेचा आवाज ऐकून वरचे सुभेदार जिन्यावरूनच हात जोडून म्हणाले, "अण्णा, एकादष्णी चाललीय वाटतं?" मी मान डोलावली. सकाळी ते प्रसादाची वाटी घेऊन हजर.

आता पाण्याविषयी. आम्ही राहतो सावेडीत, पाइपलाइन रोडला. पण रस्त्याच्या नावावरून कोणी गैरसमज करून घेऊ नये, नळाला पाणी येते ते एक दिवसाआडच. शिवाय त्यात निर्जंतुकीकरणाची पावडर असते व तिच्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना बाधते, म्हणून ते बादलीत एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. ज्या घरात माणसांनाच पाणी पुरत नाही तेथे चार बादल्या माशांसाठी अडवून ठेवणाऱ्या गृहस्थाची जी संभावना व्हावी ती झाली. म्हणून नाइलाजाने मी बोअरकडे वळलो. आमच्या बोअरच्या पाण्याची ख्याती अशी की त्यात तूरडाळ दोन तास उकळली तरी दाणा दाण्याला ओळख देत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि बादलीच्या कडेला पांढऱ्या क्षाराचे असे थर बसतात की ते खरवडून भिंतीला गिलावा करावा. हे पाणी मी भीत भीत पेटीत घातले. आणि काय चमत्कार सांगावा! डाळीने, साबणाने व माणसाने एकमुखाने नाकारलेले ते जड, खारट पाणी मॉलींना असे मानवले की त्यांचे पर ताठ झाले, रंगांना तकाकी आली, आणि मेक्सिकोहून निघाल्यानंतर प्रथमच आपल्याला कोणी समजून घेतले अशा आविर्भावात त्यांनी पेटीभर धावपळ मांडली.

आता थोडे मागे जातो. पेटी आणल्यावर चौथ्याच आठवड्यात नातू पहाटे ओरडत आला. "आबा, टँकमध्ये जिरं सांडलंय!"

मी चष्मा लावला. जिरे खरेच होते. पण जिऱ्याला डोळे होते, आणि ते पाण्याच्या वरच्या थरात, काचेच्या कोपऱ्याला बिलगून, टिचकीसरशी पुढे सरकत होते. मॉली अंडी घालीत नाही, पिले देते, आणि तीही एका वेतात वीस-तीस-चाळीस. मी तत्काळ नवी दोनशेपानी वही काढून तीवर 'जन्ममृत्यू व आवकजावक' असे लिहिले, आठ रकाने आखले, आणि 34 वर्षांत जे काम मी हाताखालच्या माणसांवर ढकलीत आलो ते, म्हणजे प्रत्यक्ष शिरगणती, स्वतः केली. सकाळी आठ वाजता पिले 31. दुपारी दोन वाजता 22. दिवेलागणीस 14. खानेसुमारीत एवढी तफावत निघाली असती तर माझी खातेनिहाय चौकशी झाली असती. समक्ष पाहणी केली असता गाळणीत, गाळात, शोकेसच्या मागे कोठेही प्रेत वा त्याचा अंश मिळून आला नाही. पंच म्हणून नातू हजर होता. अखेर गुन्हा डोळ्यांदेखत घडला. काळी मॉली, म्हणजे प्रत्यक्ष माता, संथपणे पोहत आली आणि जिऱ्यातला एक दाणा, फोडणीला घ्यावा तितक्या सहजपणे, तिने तोंडात घेतला.

"अहो, पोटचं पोर!" कुटुंब हादरून खाली बसली. त्या रात्री त्या मातेचा आहार तिने दंडादाखल बंद केला. परिणामी सकाळी पिले 9. भाचीने समजावले की उपाशी मॉली पिले अधिकच खाते, तिला पोटभर घालावे व पिलांना लपायला दाट पाणवनस्पती द्यावी. उरलेली पिले मी चहाच्या गाळणीने पकडून लोणच्याच्या बरणीत स्थलांतरित केली. ती गाळणी धुऊन पुन्हा खुंटीला लावली होती की नाही याविषयी घरात दोन परस्परविरोधी जबाब उपलब्ध आहेत. त्या दिवशीच्या चहाला आलेल्या सुभेदारांनी मात्र 'आज काही वेगळाच मसाला' असा अभिप्राय दिला.

यापुढील वृत्तांत झपाट्याने सांगतो, कारण तो तसाच घडला. दुसरी मादी व्याली. पहिली पुन्हा व्याली. मी एकुलत्या एका नराला बदलीच्या हुकुमाने वेगळ्या बरणीत रुजू केले आणि प्रकरण निकाली काढल्याच्या समाधानात झोपलो. महिन्याभराने दोन्ही माद्या पुन्हा व्याल्या. वहीत 'पित्याचे नाव' हा रकाना होता. नर गैरहजर असता त्या रकान्यात काय लिहावे? भाची हसून म्हणाली, "मामा, मॉलीची मादी एकदाच्या मीलनातलं बीज पुढच्या कित्येक वेतांसाठी साठवून ठेवते." म्हणजे वारसनोंदीची मुदत महिनोन्‌महिने उघडी! कोणता तलाठी हा फेरफार मंजूर करील? एवढ्यावर न थांबता तिने आणखी सांगितले की टेक्सास आणि मेक्सिकोच्या सीमेवर मॉलीची एक जात अशी आहे की तीत नरच नाहीत. शेजारच्या जातीच्या नराचा उपयोग केवळ मुहूर्त करण्यापुरता, पिलांत त्याचा अंशही उतरत नाही, आणि सगळ्या मुलीच होतात. 1932 साली शास्त्रज्ञांनी तिची नोंद घेतली, आणि ग्रीक पुराणातल्या लढवय्या स्त्रियांवरून तिला अमेझॉन मॉली म्हणतात. मोगलांना किल्ल्याच्या तटावरून परतवणाऱ्या चांदबीबीच्या गावात मी ही हकिकत निमूटपणे ऐकून घेतली आणि 'पित्याचे नाव' हा रकाना पट्टीने आडवा खोडून तेथे 'लागू नाही' असे लिहिले.

शिल्लक: 87. जागा: छप्पन्न लिटर, चार बरण्या व एक पितळी घंगाळ.

मी मासे वाटायला निघालो. पहिल्यांदा लोकांनी कौतुकाने घेतले, मग संकोचाने, मग मला पाहून दारे लोटू लागली. कोणी सुचवले की डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडतात, तिथे द्या. हे काम चालणाऱ्या एका कचेरीत मी बरणी घेऊन गेलो. तेथील कारकुनाने बरणीकडे न पाहता विचारले, "गप्पी आहेत?"

"मॉली आहेत. गप्पीच्याच वंशातल्या, अगदी सगोत्र. अळ्या याही खातात."

"परिपत्रकात गप्पी लिहिलंय."

मी त्याच्याकडे पाहिले. तो माझ्याकडे, काहीही न करता, नुसता बघत बसला. त्याचा रक्तदाब उत्तम असावा. त्या नजरेत मला माझे सगळे आयुष्य दिसले, आणि माझ्या हाताखाली तयार झालेला नसूनही हा मुलगा इतका तरबेज निघाला याचा मला क्षणभर अभिमानही वाटला.

मग फराहबागेचा विचार आला. निजामशाहीत भर पाण्यात बांधलेला तो महाल, 1583 साली पुरा झालेला. भोवती विस्तीर्ण तळे. पण आता त्या तळ्यात पाणी नाही, आणि असते तरी परदेशी मासा देशी पाण्यात सोडायचा नसतो, तो तिथल्या माशांच्या मुळावर येतो, असे सांगून भाचीने तो मार्गही बंद केला. हताश होऊन मी व्हरांड्यात बसलो असता मला मौलाना आझाद आठवले. 1942 नंतर याच नगरच्या किल्ल्यात बंदिवासात असताना पंडित नेहरू ग्रंथ लिहीत होते आणि मौलाना खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी झुंजत होते. छताकडे मोर्चे नेऊन शेवटी त्यांनीच तह केला आणि चिमण्यांना दाणे टाकू लागले, हे त्यांनी 'गुबारे खातिर'मध्ये स्वतः लिहून ठेवले आहे. ब्रिटिश साम्राज्याला न नमलेला मनुष्य जेथे चिमण्यांपुढे नमला तेथे एका अव्वल कारकुनाने जिऱ्यापुढे हात टेकले तर कोणी हसू नये.

तोड काढली ती कुटुंबाने. संक्रांत तोंडावर आली होती. "दरवर्षी वाण म्हणून प्लॅस्टिकच्या वाट्या लुटायच्या आणि दरवर्षी त्याच वाट्या दुसऱ्या घरातून परत यायच्या. यंदा आपण मासे लुटू."

मी थक्क झालो. भेट नाकारता येते, दान टाळता येते, कर्ज बुडवता येते. परंतु हळदीकुंकवाचे वाण नाकारण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. आम्ही 40 काचेच्या बरण्या आणल्या, झाकणांना खिळ्याने भोके पाडली, बोअरचे पाणी हीटरजवळ ठेवून कोमट केले आणि प्रत्येक बरणीत दोन-दोन मॉली भरल्या. संध्याकाळी गल्लीतल्या, पलीकडच्या गल्लीतल्या, डॉक्टरांच्या सौभाग्यवतींसह ओळखीच्या सगळ्या सवाष्णी आल्या. हळद लागली, कुंकू लागले, हातावर तिळगूळ पडला, ओटीत बोरे-हरभरे पडले, आणि त्यावर बरणी आली. प्रत्येकीचा चेहरा 'अय्या' आणि 'अरे देवा' यांच्या मधल्या कोणत्या तरी स्थानकावर थांबला. रात्री वहीत मी जावक 80 लिहिले, शिल्लक 7 लिहिले, आणि सहा महिन्यांत प्रथमच पंधरा मिनिटे माशांकडे नुसता बघत बसलो.

होळीच्या सुमारास एका पहाटे फाटक उघडले तो उंबऱ्याशी एक बरणी. आत तेरा. चिठ्ठी नाही, नाव नाही. दुसऱ्या दिवशी दोन बरण्या. रात्रीच्या अंधारात कोणी तरी येऊन, मागे न पाहता, ठेवून जात होते. वहीत 'बेवारस' असा नवा रकाना आखला, आणि गुढीपाडव्यापर्यंत तो पानाखालपर्यंत भरला. पाथर्डीचे मेहुणे मध्यंतरी येऊन गेले. पेटीतले काढलेले पाणी घातल्याने अंगणातली तुळस छातीइतकी वाढलेली पाहून या सगळ्या उद्योगात त्यांना प्रथमच काही अर्थ दिसला आणि जाताना ते दोन कॅन भरून घेऊन गेले. पाणीच फक्त, मासे मी डब्यात घालू पाहत होतो, ते त्यांनी गाळून काढले.

परवा तपासणीसाठी डॉक्टरांकडे गेलो. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, औषधांच्या जाहिरातींच्या शेजारी, चार फुटी नवी पेटी होती आणि तीत काळ्या-सोनेरी मॉलींची अशी दाटी की पाणी शोधावे लागावे. मी नंबर लावून बसलो. आतून डॉक्टरांचा ओळखीचा आवाज ऐकू येत होता: "गोळ्या चालू ठेवा, पण त्याबरोबर सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटे..." दार उघडले. माझ्याच वयाचे एक गृहस्थ, एका हातात चिठ्ठी व दुसऱ्या हातात झाकणाला भोके पाडलेली बरणी सांभाळीत, बाहेर आले आणि माझ्याशेजारी टेकून चपला घालू लागले. चेहऱ्यावरून निवृत्त मनुष्य वाटत होता.

"दोन नर, एक मादी," ते मला बरणी दाखवीत कौतुकाने म्हणाले. "पसारा होत नाही म्हणे."

मी बरणी हातात घेऊन उजेडात धरली, तिघींच्या पोटाखालचे पर नीट पाहिले, आणि ती त्यांना परत देत विचारले, "घरात एखादी कोरी वही आहे का, दोनशेपानी?"